खऱ्या वाक्याला एक फुटाणा

संघमित्रा लोखंडे मॅडमच्या पर्समध्ये रुमाल असायचा की नाही कोण जाणे, फुटाणे मात्र हमखास असायचे. तेलंगणातल्या आदिलाबादच्या आमच्या डिग्री कॉलेजात त्या मराठी लेखनाचा पेपर शिकवायच्या, आणि त्यांच्या वर्गात मार्कांपेक्षा फुटाण्यांना भाव होता. आपलं लिहिलेलं वाचता वाचता कुणी एखादं खरं वाक्य बोलून गेलं की मॅडम "थांब!" म्हणून ओरडायच्या, पर्समध्ये हात घालायच्या आणि त्याच्या तळहातावर एक फुटाणा ठेवायच्या. एकच. दुसरा मागितला तर म्हणायच्या, "दुसरं वाक्य लिही मंग." मिशा फुटलेली पोरं आणि लग्नाची स्थळं येऊ लागलेल्या पोरी, पण त्या एका फुटाण्यासाठी आम्ही जीव टाकायचो. मिळाला की खायचो नाही, आधी सगळ्यांना दाखवायचो.

पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला 'सहलीचा एक दिवस' लिहायला सांगितलं. आम्ही खाली माना घालून लिहिलं आणि एकेकानं उभं राहून वाचलं. फेसाळणाऱ्या लाटा, वाळूतले शंखशिंपले, नारळाच्या डुलणाऱ्या झावळ्या, आणि क्षितिजावर बुडणारा लालबुंद सूर्य. पहिल्यानं वाचलं, मॅडम मान डोलावत होत्या. दुसरीनं वाचलं, तिच्याही लाटा फेसाळल्या. चौथ्याच्या लाटा फेसाळायला लागल्या तेव्हा मॅडमनी हात वर केला.

"इथं समुद्र कोन पाह्यला? हात वर करा बरं."

एकही हात वर गेला नाही.

"मी बी नाई पाह्यला," मॅडम म्हणाल्या. "मंग हा आला कुठून?"

तो गाइडातून आला होता. दूर कुठेतरी छापलेलं ते मराठीचं गाइड आमच्याकडे दहावीपासून मोठ्यांकडून धाकट्यांकडे वारशानं येत होतं, आणि त्यातल्या सहलीच्या निबंधात समुद्र होता. मराठीत सहल लिहायची म्हणजे कोकणात जायचं असाच आमचा सगळ्यांचा समज. खरी सहल आम्ही टेम्पोतून कुंटाळ्याच्या धबधब्याला केली होती. तिथे आमच्या वर्गातल्या, बेला गावाकडच्या गंगाधरची एक चप्पल पाण्यात वाहून गेली होती आणि अख्खा टेम्पो ती शोधायला खडकांवरून फिरला होता. चप्पल सापडली नव्हती, पण परत येताना गंगाधर उरलेली एक चप्पल मांडीवर घेऊन असा बसला होता, की टेम्पोवाल्यानं दुःखाचं कारण विचारावं. हे लिहावं असं त्याच्यासकट कुणालाही वाटलं नव्हतं.

"मॅडम, निबंधात कोनी चप्पल लिवते का?" गंगाधर म्हणाला.

"कोनी लिवत नाई म्हनूनच तू लिव."

त्यानं लिहिलं. वर्षातला पहिला फुटाणा त्याला मिळाला आणि तो पुढे महिनाभर वर्गात छाती काढून बसत होता.

मॅडम बुटक्या आणि चांगल्या रुंद होत्या. पदर कमरेला खोचून त्या वर्गात शिरायच्या तेव्हा त्या शिकवायला आल्यात की कुणाचं भांडण सोडवायला, हे कळायचं नाही. त्यांची एक जुनी स्कूटी होती. ती चालू करताना त्या तिच्याशी बोलायच्या, "चाल माय, चारचौघांत लाज ठेव." विनोद सांगताना हसू आधी यायचं आणि विनोद मागून. कधीकधी विनोद यायचाच नाही, पण तोवर आमची हसून मुरकुंडी वळलेली असायची, त्यामुळे त्याची कुणी वाटही पाहायचं नाही. शेजारच्या वर्गातले इतिहासाचे सर भिंतीवर डस्टर आपटायचे. मॅडम आपल्या बाजूनं दोनदा आपटून त्यांना उत्तर द्यायच्या.

त्यांचे आजोबा दुसऱ्याच्या शेतात राबलेले. वडील मुधोळकडे शाळामास्तर झाले, घराण्यातले पहिले. "आमच्या घरात लिवनं आताआता आलं," त्या म्हणायच्या. "नव्या नवरीवानी हाय ते. तिचं कवतिकच अजून सरून नाई राह्यलं." हे सांगतानाही त्या हसत असायच्या. पण कुणी लिहिण्याचा कंटाळा केला की मात्र त्यांना मनापासून आश्चर्य वाटायचं. घरात पक्वान्न असताना उपाशी झोपणाऱ्याकडे बघावं तशा त्या त्याच्याकडे बघायच्या.

आणि त्यांचा तो प्रश्न! "तुले कसं मालूम?" आम्ही त्या प्रश्नानं जेरीस यायचो. मी एकदा लिहिलं, 'गावकरी आनंदाने बेभान झाले.' मॅडम लगेच, "तुले कसं मालूम? तू त्याइच्या पोटात गेलती काय? काय दिसलं ते सांग. पाय दिसले? मंग पायाचं सांग." आज मी मंडल कार्यालयात, म्हणजे इथल्या तहसिलीत, कारकून आहे. समोर कागद येतो, 'सदर जमिनीबाबत कोणाचीही हरकत नाही.' माझ्या तोंडून आपोआप निघतं, तुले कसं मालूम? साहेब दचकतात. एकदा त्यामुळे खरंच एक हरकत निघाली आणि आमच्या साहेबांचं बदलीचं संकट टळलं, तेव्हापासून ते दचकत नाहीत.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मॅडम कॉलेजात कायम नव्हत्या. 'गेस्ट' होत्या, म्हणजे पेपर आहे तोवर पाहुण्या. पेपर ऐच्छिक होता, आम्ही घेणारे जेमतेम बारा. दर वर्षी हा पेपर बंद करायची गोष्ट निघायची, आणि पेपर बंद म्हणजे मॅडम घरी. हे आम्हाला ठाऊक होतं, त्यांना तर होतंच. पण टांगत्या तलवारीखाली बसलेलं माणूस इतकं खिदळताना मी दुसरं पाहिलेलं नाही.

त्यांच्या वर्गाचा एक कायदा होता. ज्याच्यावर लिहिलं त्याच्या तोंडावर ते वाचून दाखवायचं. तो भांडला तर ऐकून घ्यायचं. त्याचं बरोबर असेल तर दुरुस्त करायचं, नसेल तर तसंच ठेवायचं. "पाठीमांगं सांगते ते चुगली," मॅडम म्हणायच्या, "तोंडावर सांगते ते लेखन."

या कायद्यानं आमच्या घराघरांत काय काय झालं ते सांगायला बसले तर दिवस पुरणार नाही. माझंच सांगते. मी आईवर लिहिलं. कष्टाळू, प्रेमळ, त्यागाची मूर्ती, चंदनासारखी झिजणारी. शनिवारी गावी गेले, आई ज्वारी पाखडत होती, तिच्यासमोर बसून सगळं वाचलं. तिनं सूप खाली ठेवून नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "चांगली बाई हाय व. कोन्या गावची?"

मी सोमवारी हे वर्गात सांगितलं तर मॅडम खुर्चीवरून पडायच्या बाकी राहिल्या. त्यांनी फुटाणा दिला, पण मला नाही. म्हणाल्या, "हा तुह्या आईसाठी. खरं वाक्य तिनं बोललं."

मग मी पुन्हा लिहिलं. कापूस वेचायला आलेल्या बायांना आई कशी दम देते आणि दुपारी त्यांच्यातच बसून कशी टिंगलटवाळी करते. टीव्हीचा रिमोट ज्वारीच्या कोठीत कसा लपवते. शेजारच्या मंगलकाकूच्या कोंबडीवरून तिनं काढलेलं भांडण, ज्यात कोंबडी निघाली आमचीच. हे वाचलं तेव्हा आई तांबडीलाल झाली. "असं असते का शिकनं? माय विकून राह्यली का तू?" जेवताना माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मी बसला निघाले तर पिशवी हातात देताना हळूच म्हणाली, "ते कोंबडीचं मंगलले बी वाचून दाखव ना एखांद्या बारीनं. लय मजा येईन."

मॅडम स्वतःही आमच्याबरोबर लिहायच्या, आणि कायदा त्यांनाही लागू होता. एकदा त्यांनी सासूबाईंवर लिहिलं. भाकरी थापायची वेळ झाली की सासूबाईंचे गुडघे धरतात आणि गल्लीत भांडण लागलं की सुटतात, असा मजकूर होता. आम्हाला वाचून दाखवला, घरी जाऊन सासूबाईंनाही दाखवला. दोन दिवसांनी आमचा तास चालू असताना दारात एक उंच, काटक म्हातारी उभी. हातात काठी.

"कोन्ते पोट्टे हायत ते, ज्याइच्यासमोर माही इज्जत काढली?"

आम्ही बाकांखाली शिरायचे बाकी होतो. मॅडम मात्र लगबगीनं उठल्या, आपली खुर्ची दिली, पदरानं पुसून दिली, आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, "पाह्यलं काय? दोन जिने चढून आल्या. गुडघे कसे हायत, मामी?"

वर्ग हसून फुटलाच. म्हातारीनं काठी उगारली, पण तिचंही तोंड हसू दाबून वाकडं झालं होतं. मग मॅडमनी तिला बाजू मांडायला सांगितलं. तो तास आम्ही जन्मात विसरणार नाही. सासूबाईंनी सुनेचं असं चित्र काढलं की आमच्यातल्या एकालाही तसं जमलं नसतं. "हे डाळीत दोनदा मीठ टाकते. आन् म्या म्हनलं, खारट झाली, तं मलेच इचारते, तुमाले कसं मालूम?" मॅडम डोळे पुसत होत्या. शेवटी त्यांनी पर्समध्ये हात घातला आणि सासूबाईंच्या तळहातावर फुटाणा ठेवला. "दात नाईत मले," सासूबाई म्हणाल्या, पण कनवटीला लावून घेऊन गेल्या.

वर्ष संपत आलं आणि ती वेळ आलीच. प्रिन्सिपल सरांना वरून विचारणा झाली होती, कोणते ऐच्छिक पेपर ठेवायचे. सर वरंगलकडचे, त्यांना मराठी येत नव्हतं. माणूस कडक, पण आडमुठा नव्हता. त्यांनी मॅडमना सांगितलं, मुलं या पेपरात काय शिकली ते त्यांच्याकडून लिहून आणा, उद्या मला शिफारस पाठवायची आहे.

आम्ही बाराही जण कामाला लागलो. आता मॅडमची नोकरी आमच्या हातात, म्हणून होतं नव्हतं ते सगळं अत्तर ओतलं. 'या पेपरामुळे माझा आत्मविश्वास वाढला. माझ्या व्यक्तिमत्त्वाचा सर्वांगीण विकास झाला. मॅडम म्हणजे ज्ञानाचा अथांग सागर.' मॅडमनी उभ्या उभ्या सगळे कागद वाचले. वर्षात पहिल्यांदा त्या हसत नव्हत्या.

"झालं," त्या म्हणाल्या. "फिरून समुद्र."

"मॅडम, असंच लिवा लागते," गंगाधर कळवळून म्हणाला. "तुमची नोकरी जाईन ना."

"जाईन तं जाईन. वाईट वाटीन मले, लय वाटीन. घरी बसून काय करू मी? पन वर्षभर घसा फोडून मी हे शिकवलं म्हनून माह्याच हातानं लिवून देऊ काय? त्यापक्षा पेपर बंद झालेला बरा." आणि त्यांनी कागद आम्हाला परत वाटले. "तास हाय अजून. काय शिकले ते लिवा. नाई शिकले तं नाई शिकलो लिवा."

आम्ही पुन्हा खाली माना घातल्या. मला मेलीला काही सुचेना. सुचलं ते हे: 'मी शिकले की एकोणीस वर्षं ज्या बाईच्या हातचं खाल्लं ती कोण आहे हे मला माहीत नव्हतं.' लिहिलं आणि मीच दचकले, कारण ते खरं होतं. शिकणं म्हणतात ते एवढंच असेल तर मी त्या एका ओळीत शिकले. बाकीचे पेपर मी पास झाले, एवढंच.

गंगाधरनं मात्र कहर केला. त्यानं लिहिलं, 'मी पाहायला शिकलो. पुरावा खाली जोडला आहे.' आणि पुरावा म्हणून खाली पानभर प्रिन्सिपल सर! मॅडमनी वाचलं. त्यांचं हसू परत आलं आणि तसंच ओसरलं. "कायदा मालूम हाय ना?" त्या म्हणाल्या. गंगाधरच्या तोंडचं पाणी पळालं.

आम्ही सगळे सरांच्या खोलीत शिरलो. बाकीच्यांचं झालं आणि गंगाधर उभा राहिला. तो मराठीत एकेक वाक्य वाचायचा आणि मॅडम त्याचं तेलुगू करायच्या. मॅडमचं तेलुगू भाजीबाजारातलं, त्यात कांद्याचा भाव विचारायचा जोर. आम्हाला वाटलं, निदान इथे तरी त्या चार शब्द गिळतील. त्यांच्याच मानेवर सुरी होती. पण नाही. 'सर रिकाम्या वर्गातले पंखे बंद करत फिरतात, आणि कधीकधी भरलेल्या वर्गातलेही.' मॅडमनी हे जसंच्या तसं तेलुगूत सांगितलं, वर बटण दाबायचा अभिनयही केला. 'उशिरा येणाऱ्यांना पकडायला सर कडुलिंबामागे लपतात. पोट बाहेर दिसतं. सरांना वाईट वाटू नये म्हणून आम्ही दचकल्यासारखं करतो.' तेही सांगितलं. पोट हातानं दाखवलं. सरांचा चेहरा दगडाचा. मला हसू असं दाटलं होतं की मी ओढणीचा बोळा तोंडात कोंबला.

गंगाधरनं "धन्यवाद" म्हणून कागद घडी केला.

"एक ओळ गाळली तुनं," मॅडम म्हणाल्या.

"नाई मॅडम."

"मी वाचली हाय. वाच."

गंगाधरनं कागद उलगडला. त्याचा आवाज पार खाली गेला होता. 'सर दुपारचा डबा खोलीचं दार लावून एकटेच खातात, कारण ते स्टाफरूममध्ये आले की सगळे बोलायचे थांबतात.'

मॅडमनी हे वाक्य तेलुगूत हळू सांगितलं. त्यात कांद्याचा भाव नव्हता. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मला वाटलं, गेला पेपर, आणि गंगाधरही गेला. मग सर खुर्चीवरून उठले आणि तेलुगूत म्हणाले, "कडुलिंब नाही."

"अवुना?" मॅडमनी विचारलं. असं का?

"बदामाचं झाड आहे ते. कडुलिंबाचा बुंधा मला पुरत नाही." आणि ते आम्हाला सगळ्यांना घेऊन बाहेर आले, बदामाच्या झाडामागे जाऊन उभे राहिले आणि विचारलं, "आता सांगा, पोट दिसतं?"

"दिसते, सर," आम्ही एका सुरात म्हणालो. मॅडम पोट धरून झाडाखालच्या कट्ट्यावर बसल्या, आणि सर हसायला लागले. ते हसताना त्यांचे दात आम्ही पहिल्यांदा पाहिले. गंगाधरनं तिथल्या तिथे कडुलिंब खोडून बदाम केलं. सरांनी त्या दिवशी शिफारस पाठवली, पेपर ठेवावा, मुलं शिकली आहेत. दुसऱ्या दिवशी मॅडम आपला डबा घेऊन सरळ त्यांच्या खोलीत शिरल्या आणि दार उघडं ठेवून जेवल्या.

पेपर राहिला. इतका पक्का राहिला की उन्हाळ्यानंतर त्या जागेवर कायमचं माणूस बदली होऊन आलं. कायमचं माणूस आलं की पाहुण्यानं उठायचं असतं. मॅडमनी पेपर वाचवला आणि त्या पेपरानंच त्यांना घरी पाठवलं. सरांनी धावपळ केली, पण त्यांच्या हातात नव्हतं. आम्ही चिडलो, बाकं वाजवली, गंगाधर म्हणाला की उपोषणाला बसतो. मॅडमनी त्याच्याकडे पाहून विचारलं, "तू? सकाळच्या नाश्त्यापोतर?" नवे सर आले तेव्हा त्यांना वर्गापर्यंत घेऊन मॅडमच आल्या, आमची ओळख करून दिली, प्रत्येकाचं एकेक खरं वाक्य त्यांना तोंडपाठ सांगितलं. मग जिना उतरल्या. खाली स्कूटी बराच वेळ चालू होत नव्हती आणि आम्ही वर खिडकीत रडत उभे होतो. मला अजूनही त्या गोष्टीचा राग येतो, आणि तो जावा असं मला वाटत नाही.

पुढे कळलं की त्या कुठल्याशा खेड्यातल्या छोट्या खासगी शाळेत लागल्या. मला बाजारहत्नूरच्या मंडल कार्यालयात नोकरी लागली. गेल्या थंडीत एका दुपारी मी आदिलाबादच्या बसस्टँडवर आमच्या बसमध्ये बसले होते. बस भरली, कंडक्टरनं दारातून स्टँडच्या बाकावरच्या एका बाईंना ओरडून विचारलं, "टीचरम्मा, वस्तारा लेदा?" येता की नाही?

मी मान वळवली. मॅडम होत्या. केस पांढरे झालेले, पदर खोचलेलाच. मांडीवर पोरांच्या कागदांचा गठ्ठा, शेजारी ओळखीपाळखी नसलेली एक आजीबाई, आणि मॅडम तिला त्यातलं काहीतरी वाचून दाखवत होत्या. वाचणं कमी आणि हसणं जास्त, दम लागेपर्यंत. आजीबाईही बोळक्या तोंडानं हसत होती. मी हाक मारायला उठले होते, पण मला इतका आनंद झाला की मी नुसती बघतच राहिले. कुठल्यातरी खेड्यातल्या कुठल्यातरी पोरानं खरं वाक्य लिहिलं होतं.

"टीचरम्मा!" कंडक्टर पुन्हा ओरडला.

मॅडमनी वर न बघताच हात हलवला. "जा बाप्पा तू. मी मांगच्यानं येतो." आणि त्यांनी पान उलटलं. बस निघाली.